चारशे बारांतली तीनशे सहावी

‘पुन्हा वाच,’ आबा म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. पत्र अमेरिकेतून आलेलं, एक पानाचं, टाइप केलेलं. एक ओळ इंग्रजीत वाचायची आणि मग तिचं मराठी सांगायचं, असा आमचा शिरस्ता होता. आबा सातवी शिकलेले. शिरोलीत स्वतःची फाउंड्री उभी केलेला हा माणूस इंग्रजी पत्रासमोर मात्र मांडी घालून, हात जुळवून बसायचा. मी त्यांची सून, एम. ए. इंग्रजी. सरनोबतांच्या घरात माझ्या पदवीचा तेवढाच उपयोग होता.

‘श्री. सरनोबत, तुमचं पत्र आणि फोटो मिळाले. गाडी फार छान ठेवली आहे. पण एक अडचण आहे. तीनशे सहा क्रमांकाची गाडी ओहायो राज्यात एका दातांच्या डॉक्टरांकडे आहे. त्यांनी ती नवी घेतली आणि आजही ती त्यांच्याच दारात आहे. मी स्वतः पाहिली आहे. एका क्रमांकाच्या दोन गाड्या निघालेल्या नाहीत. कृपया तुमच्या गाडीचा चेसीस नंबर आणि इंजिन नंबर कळवावा.’

‘म्हणजे आपली खोटी,’ आबा म्हणाले.

‘तसं कुठं म्हटलंय त्यांनी? नंबर मागितलेत फक्त.’

‘त्या दातवाल्याकडं खरी हाय. मग आपल्याकडं काय हाय?’

सासूबाई, म्हणजे आक्का, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. एरवी आबांच्या गाडीचा विषय निघाला की त्या आत निघून जायच्या. त्या दिवशी उभ्याच राहिल्या. हे मला नंतर आठवलं.

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालच्या जानेवारीतली, कोल्हापुरातली. गाडीचं नाव कॅलडन टर्बो. काळी, बसकी, दोन दारांची, स्टिअरिंग डाव्या हाताला. दिल्लीच्या एका वकिलातीतल्या साहेबानं ती आणली होती. साहेब मायदेशी गेला, गाडी इथंच राहिली, सरकारी लिलावात निघाली आणि एकोणनव्वद साली आबांनी उचलली. तेव्हा ती जागची हलत नव्हती. ट्रकवर घालून कोल्हापूरला आणली आणि घरी न आणता थेट उद्यमनगरात दस्तगीर मिस्त्रींच्या गॅरेजात उतरवली. ‘गाडी आजारी असंल तर कुठलाबी मिस्त्री, मेली असंल तर दस्तगीर,’ असं उद्यमनगरात म्हणायचे. आठ महिन्यांनी गाडी घरी आली ती गुरगुरत आली.

ती किती दुर्मीळ आहे, हे तोवर आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. पुढं वर्षभरानं माझ्या नवऱ्याच्या, रणधीरच्या, एका मित्रानं अमेरिकेहून मासिक आणलं. त्यात चार पानं या गाडीवर होती. मीच ती वाचून दाखवली. कंपनीनं साध्या मॉडेलच्या लाखभर गाड्या काढल्या. पण इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणारा टर्बो बसवलेली ही खास गाडी एकच वर्ष निघाली. ठरल्या होत्या पाचशे. टर्बो पुरवणारा कारखानाच मध्येच बंद पडला आणि आकडा चारशे बारावर थांबला. प्रत्येक गाडीच्या डॅशबोर्डवर एक ॲल्युमिनियमची पट्टी, बोटभर लांबीची, आणि तिच्यावर त्या गाडीचा क्रमांक कोरलेला. आबा तसेच उठले, बॅटरी घेऊन गाडीत जाऊन बसले आणि परत आले ते ‘तीनशे सहा, तीनशे सहा’ म्हणतच.

त्या दिवसापासून चारशे बारा हा आकडा आमच्या घरात बिऱ्हाड करून राहिला. गणपतीला आलेल्या पाहुण्याच्या हातावर प्रसादाआधी चारशे बारा पडायचं. ‘साऱ्या जगात चारशे बारा, पावणं. सोन्याच्या खाणी तरी जास्त असत्याल.’ रणधीर म्हणायचा, आबांना नातवाची इयत्ता विचारा, सांगता येणार नाही. ओहायोत कुठल्या रंगाच्या किती गेल्या ते विचारा. पण मी हसले तरी मनातून मला आबांचं समजत होतं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या पंपांना, दुसऱ्यांच्या इंजिनांना सुटे भाग ओतून दिले. मालावर नाव दुसऱ्याचं. आता अमेरिकेतल्या मालकांच्या संघटनेचे वॉल्टर हॅनिगन नावाचे एक म्हातारे गृहस्थ चारशे बाराही गाड्यांची नोंदवही छापणार होते. या गाडीच्याच कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस. कुठली गाडी कुणाकडे, कुठली अपघातात गेली, कुठली भंगारात. तीनशे सत्तर गाड्या त्यांना सापडल्या होत्या, बेचाळीस बेपत्ता होत्या. त्या वहीत ‘सरनोबत, कोल्हापूर’ अशी एक ओळ यावी, एवढंच आबांना हवं होतं. त्यासाठी मी पत्र लिहिलं होतं, आणि त्याचं हे असं उत्तर आलं.

त्याच दुपारी आबा उद्यमनगरात गेले. पत्र दाखवायला मला बरोबर घेतलं.

दस्तगीर मिस्त्री पन्नाशीचे, बुटके, बोलायला कमी. गॅरेजात एका डॉक्टरांची जुनी गाडी उभी होती, डॉक्टरही होते. दोघं कामगार होते, शेजारचा लेथवाला चहा प्यायला आलेला होता. आबांनी कुणाकडं बघितलं नाही.

‘दस्तगीर, माझी गाडी तुझ्याकडं आठ महिने होती.’

‘व्हय, आबासाहेब.’

‘दुसऱ्या कुणाच्या हातात गेली?’

‘न्हाई. कुणाला शिवू दिली न्हाई.’

‘मग सांग. हिची खरी पट्टी, खरं इंजिन, खरा टर्बो कुणाला विकलास?’

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. ‘काय बोलतायसा, आबासाहेब?’

‘अमेरिकेचं पत्र हाय. तीनशे सहाची गाडी तिकडं हाय. मग माझ्या गाडीत तीनशे सहाची पट्टी कुठनं आली?’

मी मिस्त्रींसमोरच उभी होते. चोरीचं ऐकून त्यांचा चेहरा तापला होता. पट्टीचं नाव निघालं आणि तो राग उतरला. त्यांनी मान खाली घातली.

‘गाडी तीच हाय,’ ते हळू आवाजात म्हणाले. ‘इंजान तेच, टर्बो तोच. नटसुदिक बदललेला न्हाई. अल्लाची आन.’

‘आणि पट्टी?’

‘पट्टीचं तेवढं मला इचारू नका.’

‘ऐकलंसा?’ आबा डॉक्टरांकडं वळले. ‘पट्टीचं इचारू नका म्हणतोय. वीस वर्षं ह्या माणसाच्या हातात डोळे झाकून किल्ल्या दिल्या मी. चोर निघाला.’

मिस्त्रींनी फडक्याला हात पुसले, एकेक बोट करून पुसले, आणि आत निघून गेले. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी आपली गाडी दोरखंड लावून ओढून नेली. कोल्हापुरात बातमी पायी जात नाही, फटफटीवर बसून जाते. आठवड्याभरात गॅरेजात एक गाडी उरली नाही.

मी आणि रणधीरनं चेसीस नंबरचा आणि इंजिन नंबरचा ठसा घेतला, आरटीओत देतात तसा, वर पातळ कागद धरून पेन्सिल घासून. तो अमेरिकेला पाठवला. ‘पाठव,’ आबा म्हणाले. ‘चोरी केवढी मोठी हाय ते तरी कळंल.’

उत्तर आलं ते नऊ फेब्रुवारीला, बुधवारी दुपारी. आबा आणि रणधीर फाउंड्रीत होते. पोस्टमनकडून पाकीट घेऊन मी स्वयंपाकघरातच उभ्यानं फोडलं.

‘श्री. सरनोबत,’ वॉल्टरसाहेबांनी लिहिलं होतं, ‘तुमचं अभिनंदन करायचं की स्वतःचं, कळत नाही. चेसीस आणि इंजिन दोन्ही तीनशे पाच क्रमांकाच्या गाडीचे आहेत, कारखान्यातून निघाले तसेच. तीनशे पाच माझ्या बेचाळीस बेपत्ता गाड्यांपैकी एक. सात वर्षं मी तिला शोधत होतो. तुमची गाडी अस्सल आहे. पट्टीच्या फोटोवर मी भिंग धरून पाहिलं. शेवटचा आकडा मुळात पाच आहे. कुणीतरी त्याच्या खालच्या वळणाचं उघडं तोंड बंद करून सहा केला आहे. हात कसबी माणसाचा आहे. पण असं कुणी का करावं, हे मला अजिबात समजत नाही.’

‘काय लिहिलंय?’ आक्कांनी विचारलं.

मी सांगितलं. त्या चुलीपासच्या पाटावर बसल्या. मग म्हणाल्या, ‘तीन आणि पाच आठ.’

‘काय?’

‘आठ होतंय, शैला. आठ म्हणजे शनी.’

कोल्हापूरकडच्या बायकांसारखं आक्काही स्वतःविषयी ‘मी जातो, मी करतो’ असं बोलायच्या. मी नाशिकची, लग्नानंतर वर्षभर मला त्याचं हसू यायचं. त्या दुपारी आलं नाही.

‘रणधीर पन्हाळ्याच्या घाटात फटफटीवरनं पडला ते साल आठव,’ त्या म्हणाल्या. मला ते आठवावं लागत नव्हतं. एकोणनव्वदचा पावसाळा. तीन महिने तो दवाखान्यात होता, त्यातला एक महिना मला ओळखतही नव्हता. ‘गुरुजींनी पत्रिका बघून सांगितलं, औंदा घरात आठाचं वाहन येऊ देऊ नका. ह्यांनी गुरुजींना उंबऱ्यातनं हाकललं. म्हणाले, पुन्हा ह्या घरात पत्रिका निघाली तर जाळून टाकीन. गाडीचा आरटीओचा नंबर तेवढा नवाचा घेऊ दिला, माझ्या रडण्यापायी. आणि मग दस्तगीरचा फोन आला, हे मुंबईला असताना. म्हणाला, गाडी धुताना एक पट्टी घावलीय, आबासाहेबांना सांगा. मी म्हटलं, आकडा काय हाय? म्हणाला, तीनशे पाच.’

‘आणि तुम्ही गेलात.’

‘रिक्षा करून गेलो. म्हटलं, दस्तगीर, ह्याचा सहा कर. तो नको म्हणत होता. कंपनीचा आकडा हाय, त्याला हात लावू नये म्हणाला. मी पदर पसरला त्याच्यापुढं. म्हटलं, माझं पोर तिकडं निपचित पडलंय. तेव्हा केला. आणि ह्यांना मरेपर्यंत सांगायचं न्हाई, असा शब्द घेतला मी त्याच्याकडनं.’

‘आक्का, त्या माणसाला आबा चारचौघांत चोर म्हणाले.’

‘ठाऊक हाय मला.’ त्यांनी डोळ्यांना पदर लावला. ‘रोज वाटतं, आज सांगावं. तोंड उघडत न्हाई. रविवारी ह्यांना सुट्टी. रविवारी मी स्वतः सांगतो. तोवर ते पत्र तुझ्याकडं ठेव.’

मी ठेवलं, कपाटात, साड्यांच्या खाली. मला ते योग्यच वाटलं. ज्याची चूक त्यानं आपल्या तोंडानं सांगावी, चार दिवसांनी काय बिघडतंय. आबांचा रागही मला माहीत होता. एकदा आमटीत मीठ जास्त पडलं तर दोन दिवस ते घरात जेवले नव्हते.

आणि त्या चार दिवसांत आक्का बदलल्या. गुरुवारी सकाळी मी उठायच्या आत चहा झालेला होता. ‘शैला, आज भाजी कुठली करायची गं?’ असं त्यांनी मला विचारलं. आठ वर्षं मी त्या घरात होते आणि आठ वर्षं भाजी मला सांगितली जात होती. साखरेच्या डब्याची किल्ली, जी त्यांच्या कमरेला असायची, ती शुक्रवारी कट्ट्यावर दिसली. शनिवारी शेजारणीसमोर त्या म्हणाल्या, ‘आमच्या शैलाला इच्यारल्याशिवाय माझं पान हलत न्हाई.’ खोटं असलं तरी ऐकायला बरं वाटलं.

रविवारी आबा व्हरांड्यात पेपर वाचत होते. आक्कांनी मला बाहेर बोलावलं. मी हात पुसत आले.

‘अहो, एक बोलायचं होतं,’ आक्का म्हणाल्या.

‘बोल की.’

आक्कांनी माझ्याकडं पाहिलं. मग आबांकडं पाहून म्हणाल्या, ‘शैलाला त्या कॉलेजात शिकवायला जाऊ द्या. जूनपासनं जागा हाय म्हणं. एवढी शिकलीय पोरगी, घरात बसून करायचं काय?’

या नोकरीसाठी मी पाच वर्षं झुरत होते. दर उन्हाळ्यात अर्ज भरायचा आणि दर उन्हाळ्यात फाडायचा. ‘सरनोबतांच्या सुना मास्तरीण होत नसत्यात,’ या एका वाक्यावर आक्कांनी तो विषय पाच वेळा मिटवला होता.

‘तुझीच ना होती,’ आबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले. ‘माझी कुठं होती? जाऊ दे की.’

आक्का आत गेल्या. जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवला. तेव्हा मी म्हणायला हवं होतं, आक्का, दुसरं ते बोलायचं राहिलं. मी आबांच्या पाया पडले.

मंगळवारी जेवताना रणधीर म्हणाला, ‘दस्तगीरनं गॅरेज सोडलं. आज टेंपोत सामान भरत होता. वेल्डिंगचं मशीन शेजारच्या लेथवाल्याला देऊन टाकलं म्हणे.’

‘पाप पचत न्हाई,’ आबा म्हणाले.

आक्कांनी रणधीरला आमटी वाढली. मग मला म्हणाल्या, ‘शैला, तुला अजून एक भाकरी?’

मी घेतली, आणि खाल्लीसुद्धा.

पुढच्या रविवारी आबांनी सकाळीच जाहीर केलं, ‘उद्या पोलिसांत फिर्याद देतो. अमेरिकेच्या पत्राची वाट किती बघायची?’ आक्का तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली, नको अशी. पण पोलीस म्हटल्यावर मात्र माझा धीर सुटला. दस्तगीर मिस्त्रींना चौकीत बसवलेलं मला दिसायला लागलं. मी उठले, कपाट उघडलं आणि पाकीट घेऊन आले.

‘आबा, पत्र आलंय.’

‘आज? रविवारी?’

‘काल आलं. द्यायचं राहिलं.’

मी वाचलं, एकेक ओळ, अक्षरही न गाळता. मग आबा भिंग आणि बॅटरी घेऊन गाडीत जाऊन बसले. पाव तासानं परत आले तेव्हा म्हातारे दिसत होते.

‘पाचच हाय,’ ते म्हणाले. ‘जन्मभर कास्टिंग तपासलं मी, केसाएवढी चीर सापडायची मला. आणि रोज समोर बसून हे दिसलं न्हाई.’ मग भिंग खाली ठेवलं आणि म्हणाले, ‘मी त्याला चोर म्हणालो, शैला.’

‘हो.’

‘मोठ्यानं म्हणालो. माफी पण मोठ्यानंच मागितली पाहिजे.’

आक्का तांदळाचं ताट घेऊन आत गेल्या. हे केलं कुणी आणि का, हा प्रश्न आबांना पडलाच होता, पण ते तो दस्तगीरलाच विचारणार होते. घरात विचारायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

सोमवारी त्याच गाडीतून आम्ही निघालो. पत्र वाचून दाखवायला मी हवीच होते. उद्यमनगरात आबांनी लेथवाल्याला, आजूबाजूच्या दहाबारा जणांना गोळा केलं आणि सांगितलं, ‘दस्तगीरनं माझा नटसुदिक चोरलेला न्हाई. चूक माझी हाय.’ मिस्त्रींच्या शटरला कुलूप होतं. ते निपाणीला बहिणीकडं गेल्याचं लेथवाल्यानं सांगितलं. आबांनी गाडी हायवेला घातली. एरवी त्या रस्त्यावर ते टर्बो कसा ओढतो ते दाखवायचे, त्या दिवशी सगळे ट्रक आम्हाला मागं टाकून गेले.

निपाणीत एका पत्र्याच्या शेडमध्ये मिस्त्री एका तीनचाकी टेंपोखाली आडवे झाले होते. गाडीचा आवाज ओळखून बाहेर आले. आबा खाली उतरले, आणि तिथं जी माणसं होती त्यांच्यासमोर त्यांनी हात जोडले.

‘दस्तगीर, गाडी खरी हाय. पत्र आलंय. मी तुला चोर म्हणालो, माझ्या तोंडात किडं पडू देत.’

‘आसं बोलू नका, आबासाहेब.’ मिस्त्रींनी त्यांचे हात धरायला हात पुढं केले, ऑइलचे आहेत म्हणून परत घेतले. ‘कळलं न्हवं आता? झालं मग.’

‘पण पाचाचा सहा केला कुणी?’

मिस्त्रींनी एकदा माझ्याकडं बघितलं. अगदी क्षणभर. ‘म्याच केला. पट्टी घासताना आकडा पुसट झाला. नीट कोरायला गेलो, पाच का सहा ते ध्यानात आलं न्हाई. चुकलं.’

‘मग त्या दिवशी का सांगितलं न्हाईस?’

‘तुमी चोर म्हणून आलासा. चोरानं चूक सांगून कोण ऐकतंय?’

आबांना ते पटलं. पटायचं नाही असं त्यात काही नव्हतं. आणि उद्यमनगरचा दस्तगीर, ज्याचा हात कसबी आहे असं सातासमुद्रांपलीकडचा माणूस फोटो बघून सांगत होता, त्यानं पाचाला सहा समजल्याचं आपल्या तोंडानं, निपाणीच्या चार टेंपोवाल्यांसमोर कबूल केलं. मी तिथंच उभी होते.

‘चल परत,’ आबा म्हणाले. ‘गॅरेज मी उघडून देतो.’

‘नगं. आता हितंच बरं हाय.’

‘बरं, मग हे तरी ठेव.’ आबांनी खिशातून पाकीट काढलं. ‘कुणी काय बोललं तर हे पत्र दाखव. अमेरिकेच्या साहेबाचं हाय.’ आणि डोळे पुसत ते गाडी वळवायला गेले.

मिस्त्रींना इंग्रजी येत नव्हतं. पण आकडे येत होते. जन्म आकडे वाचण्यात गेला होता, चेसीसवरचे, इंजिनवरचे, गंजाखालचे. त्यांनी पाकीट उलटं केलं. मागच्या बाजूला कोल्हापूर पोस्टाचा शिक्का होता. त्यांनी तो उजेडाकडं धरला.

‘नऊ तारीख,’ ते म्हणाले.

मी गाडीकडं पाहिलं, आबा ती वळवत होते.

‘नवाला मी गॅरेजातच हुतो, वैनीसाहेब. पंधराला शटर वढलं.’ त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. ‘आक्कासाहेबांस्नी पोराची काळजी हुती, ती मी माझ्या डोळ्यांनी बघितली. माझं म्हणाल तर मी शब्द दिलेला. तुमाला काय हुतं?’

त्यांनी खरंच विचारलं होतं. त्यांना उत्तर हवं होतं आणि ते थांबले. माझ्याकडं उत्तर होतं. साखरेच्या डब्याची किल्ली होती, पाठीवरचा हात होता, जूनपासूनची नोकरी होती. मी काही मागितलं नव्हतं, ही माझी समजूत मी अकरा दिवस जपली होती, ती त्या शेडमध्ये गळून पडली. पत्र दडवलं ते मी कुणाच्या भीतीनं नव्हे. मला ते दिवस आवडले होते.

आबांनी हॉर्न दिला. मिस्त्रींनी पत्र घडी करून वरच्या खिशात ठेवलं आणि ते टेंपोखाली गेले.

कागलपाशी आबांनी एका ट्रकला वाट दिली. मग म्हणाले, ‘काय म्हणत होता दस्तगीर तुला?’

‘मी कॉलेजात जाणार असं सांगितलं त्यांना,’ मी म्हणाले. ‘चांगलं झालं म्हणाले.’

‘लाख माणूस,’ आबा म्हणाले.

वीस जूनला मी नोकरीवर रुजू झाले.